कुरडई न आवडणारी नऊ माणसं

आमच्या घरमालकांना कुणी नुसतं "कसे आहात?" म्हणून विचारलं, तरी ते आधी चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे आणि म्हणायचे, "हे सहज विचारताय, की शपथेवर सांगू?"

शपथेवर सांगायला लागले, तर गुडघ्यापासून सुरुवात व्हायची आणि विचारणारीचं गॅसवरचं दूध उतू जायचं. म्हणून आम्ही सगळ्या बाया घाईघाईनं म्हणायचो, "सहज हो, अगदी सहज." मग ते जरा हिरमुसायचे. "मग बरा आहे," एवढंच बोलून निघून जायचे.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ त्यांची तीन मजली बिल्डिंग. खाली ते एकटे, वर आम्ही भाडेकरू. आता आम्ही मुलाकडं गंगापूर रोडला राहतो, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे, सगळं आहे. पण इथं मला कुणी "हे शपथेवर का?" असं विचारत नाही, आणि खरं सांगते, करमत नाही.

कुणालाही वाटेल की मालक वकील असतील. छे हो! ते अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला होते. नट-बोल्ट मोजण्यात जन्म गेला. कायद्याचं वेड लागलं ते पंचनाम्यामुळं. पोलीस पंचनामा करतात तेव्हा त्यांना बाहेरची दोन माणसं साक्षीला लागतात, त्यांना पंच म्हणतात. इतर माणसं पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलतात, उगाच कोण कोर्टाच्या खेपा घालणार. आमचे मालक मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपुढंच जाऊन उभे राहायचे. पहिल्यांदा एका चोरीच्या मोटारसायकलसाठी त्यांना पंच केलं, तेव्हा त्यांनी त्या गाडीचा एकेक ओरखडा लिहायला लावला म्हणे. हवालदाराचा हात दुखून आला. पुढं कोर्टात साक्षीला बोलावणं आलं, तर घरी आल्यावर यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. आम्हाला वाटलं, मुलाचं लग्न ठरलं.

तेव्हापासून त्यांची भाषाच बदलली. जेवायला बोलावलं तर ताटाकडं बघून म्हणायचे, "पूर्वेस वरण-भात, दक्षिणेस लोणचं, मधोमध दोन चपात्या मिळून आल्या." वस्तू असायची नाही त्यांच्याकडं, मिळून यायची. भाजीवाल्याला विचारायचे, "या वांग्याला पूर्वी कधी कीड लागल्याचं तुमच्या माहितीत आहे काय? हो किंवा नाही, एवढंच सांगा." तो बिचारा म्हणायचा, "काका, घ्यायचं तर घ्या, नाहीतर सोडा." त्यावर मालक आमच्याकडं वळून म्हणायचे, "उत्तर टाळलं. बघितलंत ना?"

हसायचो आम्ही. पण त्यांची बायको गेली त्या दिवशी मी भेटायला गेले, तर मला म्हणाले, "वहिनी, सकाळी मी चहा करून तिच्या उशाशी ठेवला होता. नंतर बघितलं, तर कप भरलेलाच मिळून आला." तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

बायको गेल्यावर मालकांचं दुसरं वेड उफाळलं, ते म्हणजे ज्युरी. कुठंतरी वाचलं त्यांनी, की आपल्याकडंही पूर्वी कोर्टात ज्युरी बसायची, साधी माणसं मिळून आरोपी दोषी की निर्दोष ते सांगायची, आणि नंतर सरकारनं ती पद्धत बंद केली. हे बंद होणं त्यांनी फार मनाला लावून घेतलं. जणू यांना बोलवायला निघालेला माणूस वाटेतूनच परत फिरवला.

"विलायतेत बारा जण, आपल्याकडं नऊ," ते सांगायचे. "नऊ साधी माणसं. ना ओळखीची, ना पाळखीची. त्यांच्यासारखा न्याय जगात नाही."

मग काय, बिल्डिंगमध्येच ज्युरी सुरू झाली. जिन्यात कुणी केर टाकला, कुणाच्या स्कूटरनं कुंडी फोडली, की मालक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर समन्स टाकायचे. दोन निळ्या खुणा आल्या की समन्स बजावलं गेलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये खटला. मालक न्यायाधीश आणि आम्ही भाडेकरू ज्युरी. पण सगळी मोठी माणसं धरून आम्ही कसेबसे नऊच भरायचो. त्यातलाच एक आरोपी व्हायचा, मग उरायचे आठ. म्हणून मालक आरोपीलाही ज्युरीत बसवायचे. "दोषी म्हणणारे हात वर करा," म्हटलं की आरोपीही हात वर करायचा, कारण घरी भाजी फोडणीला टाकायची असायची आणि लवकर सुटका हवी असायची. शिक्षा म्हणजे जिना झाडणे किंवा कुंडीत नवीन रोप लावणे. कुणी निर्दोष सुटल्याचं मला आठवत नाही.

आमच्या सासूबाई तेवढ्या ज्युरीत नव्हत्या. नव्वदी ओलांडलेली, निफाडकडच्या खेड्यातली ठसठशीत बाई. मालकांनी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "माझ्याच्यानं खाली उतरवत नाय, आन लोकांची धुनी वरून बी दिसत्यात." आणि बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

उन्हाळा होता. शमीमभाभी, मंगल आणि मी, तिघींनी मिळून कुरडया घातल्या. शमीमभाभी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. मंगल त्यांच्यासमोरची, अंबडला कंपनीत जाणारी, तिनं खास रजा टाकली होती. कुरडईचं काम म्हणजे काय खेळ नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो शिजवताना हात खांद्यातून निखळतो की काय असं होतं, मग सोऱ्यानं एकेक चक्राकार घालायची. सगळी गच्ची पांढरीशुभ्र झाली होती. वाळतील तोवर चौघींच्या वाट्याचं काम तिघींनी केलंय, असं म्हणत आम्ही वाटी-वाटी गरम चीक खाल्ला आणि खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमीमभाभींची किंकाळी ऐकू आली. धावत वर गेलो, तर गच्चीवरची टाकी भरून धबधबा सुरू होता आणि आमच्या कुरडया परत चीक झाल्या होत्या. नुसता चीक नाही, गच्चीची धूळ, कबुतरांची पिसं, सगळं मिसळून लगदा. तो पन्हाळीतून खाली मालकांच्या तुळशीत पडत होता.

मोटार चालूच राहिली होती. आणि मोटार लावायची मालकांनी, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, हा बिल्डिंगचा सगळ्यात जुना कायदा. स्विचच्या पेटीला कुलूप, किल्ली त्यांच्या जानव्याला. शेवटी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, तेव्हा कुठं ती थांबली.

पण त्या मोटारीचं तेवढंच नव्हतं. रोज सकाळी पाणी चढवायच्या वेळेला ते पेटीपाशी खुर्ची टाकून बसायचे. दूध घ्यायला, पेपर घ्यायला, कामाला निघालेला प्रत्येकजण तिथून जाताना थांबायचा, "आज पाणी किती वेळ?" विचारायचा. त्यावरून मग बोलणं निघायचं. पोराची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, कांद्याचा भाव. त्यांचा मुलगा परगावी, बायको नाही. दिवसभरात माणसांशी बोलणं व्हायचं ते तिथं, मोटारीच्या घरघरीत.

त्या सकाळी मालक मात्र जागेवर नव्हते. जेवणाच्या वेळेला आले, ते अगदी खुशीत, इस्त्रीच्या शर्टात. शमीमभाभी पार्किंगमध्ये कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"कुठं होतात मालक? अल्ला कसम, माझ्या तीन दिवसांच्या मेहनतीची लापशी झाली!"

मालकांनी वर बघितलं, तुळशीकडं बघितलं, आणि गंभीर झाले. "मी कुठं होतो ते मी फक्त न्यायालयात सांगेन. माझ्याकडं असा पुरावा आहे, की खटला उभाच राहणार नाही."

"ठीक आहे," मंगल म्हणाली. "मग लावाच खटला."

संध्याकाळी खटला लागला, पण न्यायाधीशच आरोपी. खुर्ची रिकामी. नऊच्या नऊ आम्ही ज्युरी. शमीमभाभी फिर्यादीही होत्या, साक्षीदारही होत्या, ज्युरीतही होत्या आणि सरकारी वकीलही त्याच झाल्या. मधेच मंगलनं सकाळच्या लगद्याची परात आणून मधोमध ठेवली. ती बघून बायकांचं रक्तच खवळलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात निकाल लागला. दोषी. मी पण हात वर केला, का करू नये? माझ्याही कुरडया होत्या.

"पण माझी बाजू!" मालक ओरडत होते. "बचाव ऐकल्याशिवाय निकाल कसा?"

"बाजू परातीत आहे!" शमीमभाभी म्हणाल्या. "शिक्षा काय द्यायची बोला."

"किल्ली काढून घ्या," कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कळलं नाही, पण सगळे "हो हो" म्हणाले. मालक जानव्याची गाठ सोडायला लागले. सुटेना. मंगलनंच सोडवली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मंगल कामाला निघण्याआधी मोटार लावायची, वर जाऊन डबा भरून यायची, बंद करायची, की चालली. दोन मिनिटांचं काम. खुर्ची नाही, गप्पा नाहीत. मालक तरी पेटीपाशी येऊन उभे राहायचे. "मंगल, बाळा, आवाज ऐक. धाप लागलीय तिला." मंगल म्हणायची, "मालक, बस चुकेल माझी." बाकीचे पाण्याचं मंगलला विचारायचे, तेही फोनवर. मालकांपाशी थांबायला कुणाला काही निमित्तच उरलं नाही. थोडे दिवस ते उभे राहिले, मग उभं राहणंही सोडलं. दार लोटलेलं असायचं. कसे आहात विचारलं, तर "बरा आहे," एवढंच. सहज का शपथेवर, हेही विचारलं नाही. मला ते काही बरं वाटेना.

सासूबाई बाल्कनीतून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "त्या मालकाच्या घरातनं दोन दिस झाले, फोडनीचा वास नाय आला."

आणि त्याच दुपारी आमची बेल वाजली. दारात मालक. भर उन्हाळ्यात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कोन मेलं?"

"कुणी नाही आजी. मी अपील दाखल करायला आलोय."

"कुठं?"

"आपल्याकडं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मालक घाम पुसत उभ्यानंच बोलायला लागले. "खालच्या न्यायालयानं मला दोषी धरलं. ज्युरी पक्षपाती होती. नऊपैकी तिघींच्या कुरडया त्यात, आणि उरलेल्या सहा जणांना त्या दर वर्षी वाटीभर चीक देतात. म्हणजे ज्युरीतल्या प्रत्येकाचं तोंड गोड केलेलं. नव्हे, खारट केलेलं. फिर्यादीच ज्युरीत बसली. पुरावा ज्युरीसमोर भावना भडकवण्यासाठी परातीतून आणला. माझा बचाव ऐकलाच नाही. वर ज्युरीनं शिक्षाही दिली. ज्युरीचं काम फक्त दोषी की निर्दोष ते सांगायचं. शिक्षा देणं ज्युरीचं काम नाही, आजी!"

"आन मी काय करू यात?"

"या बिल्डिंगमध्ये ज्युरीत नसलेल्या तुम्ही एकट्याच. आणि..." मालक जरा अडखळले. "आणि तुम्हाला दात नाहीत."

मी म्हटलं आता काठी बसते यांना. पण सासूबाईंनी विचारलं, "दाताचा काय संबंध?"

"तुम्ही कुरडई खात नाही. तुमचा त्यात कसलाही हितसंबंध नाही. असं माणूस मला दुसरं मिळून येत नाही."

सासूबाईंना हे पटलं, असं त्यांच्या मानेवरून दिसलं. आयुष्यात कधी कुणी त्यांना दात नसल्याबद्दल मान दिला नव्हता. "मंग पुन्यांदा करा खटला," त्या म्हणाल्या. "दुसरी मानसं आना. आन तो कोट काढा आधी, घेरी यील."

आता नऊ माणसं आणायची कुठून? मालकांनी अट घातली, की बिल्डिंगमधला एकही नको, ओळखीचा नको आणि महत्त्वाचं म्हणजे कुरडई आवडणारा नको. "नाहीतर त्याचं मन आधीच फिर्यादीकडं झुकलेलं असणार." दोन दिवस ते फाट्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे. "माफ करा, आपल्याला कुरडई आवडते का?" नाशिक जिल्ह्यात हा काय प्रश्न झाला? लोकांना वाटायचं, कुरडया विकायला बसलेत. कुणी म्हणायचं, "आवडते ना काका, कशी दिली?" कुणी म्हणायचं, "आमच्या आईच्या हातची खाऊन बघा." एक बाई तर रडायलाच लागली, माहेरची आठवण आली तिला. मालक तिला पाणी देऊन परत पाठवून आले आणि मला म्हणाले, "वहिनी, या जिल्ह्यात निःपक्षपाती माणूस उरलेला नाही."

शेवटी एक बाई मिळाली. हरियाणाकडची, नवरा देवळाली कॅम्पला फौजेत, बसची वाट बघत होती. "कुरडई? वो क्या होता है?" एवढं तिनं विचारलं आणि मालकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. हीच खरी ज्युरर! तिला सन्मानानं पार्किंगमध्ये आणलं, खुर्चीवर बसवलं. पण शमीमभाभी म्हणाल्या, जिला कुरडई माहीतच नाही, तिला नुकसान काय कळणार? मुद्दा बरोबर होता. म्हणून मागच्या वर्षीच्या राहिलेल्या दोन कुरडया तळून तिला दाखवल्या. दाखवल्या म्हणजे तिनं खाल्ल्या. खाऊन म्हणाली, "और है क्या?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "झाली पक्षपाती."

मग तडजोड झाली. कुरडई आवडली तरी चालेल, पण खटला संपेपर्यंत तिचा विचार मनात आणायचा नाही, अशी शपथ घ्यायची. त्या शपथेवर भाजीवाला आला, इस्त्रीवाला आला, पिंपळगावला कांदा टाकून परत निघालेला एक टेम्पोवाला आला, आमच्या समोरची रिकामी खोली भाड्यानं बघायला आलेलं जोडपं आलं (ते नंतर कधी परत आलं नाही), असे करत नऊ भरले. फौजीणबाई बस सोडून थांबली. सासूबाईंना मी आणि मंगलनं खुर्चीसकट खाली आणलं. त्या मधोमध बसल्या, पदर डोक्यावर, हातात तपकिरीची डबी.

शमीमभाभींनी फिर्याद सांगितली. या वेळी परात नव्हती, तरी चांगली सांगितली. मग मालक उभे राहिले.

"आरोपीतर्फे मीच वकील. आणि आरोपीतर्फे साक्षीदार एकच, तोही मीच." त्यांनी जमिनीवर खडूनं दोन चौकोन काढले. डावीकडं वकील, उजवीकडं साक्षीदार. डावीकडं उभे राहिले, गळा साफ केला. "घटनेच्या सकाळी आपण कुठं होतात?"

उजवीकडं गेले. "मी पोलिसांसमवेत होतो."

सगळीकडं कुजबुज झाली. मालक खुशीत डावीकडं आले. "कशासाठी?"

उजवीकडं. "पंच म्हणून. एका दुकानफोडीच्या पंचनाम्यासाठी. गाडी स्वतः घ्यायला आली होती."

डावीकडं. आता ते आमच्याकडं वळले, हात पसरून. "म्हणजे ज्या वेळी टाकी वाहत होती, त्या वेळी आरोपी घटनास्थळी नव्हताच! खुद्द पोलीस याला साक्षीदार आहेत! याहून मोठा पुरावा जगात कुणाकडं असेल?" टेम्पोवाल्यानं टाळीही वाजवली. मालकांना जोर चढला. "पुढं विचारतो. गाडी आली, तेव्हा आपण काय करत होतात?"

उजवीकडं. "मी मोटारीच्या पेटीपाशी बसलो होतो."

डावीकडं. "का?"

उजवीकडं. "मोटार चालू केली होती."

डावीकडं. "मग गाडीत बसण्याआधी आपण ती..."

आणि थांबले.

डाव्या चौकोनात उभे राहून ते उजव्या चौकोनाकडं बघत राहिले. जणू तिथं खरंच कुणी उभं आहे आणि ते उत्तर देत नाही. मग मालक सावकाश उजवीकडं गेले.

"बंद केली नाही," ते म्हणाले. "गाडी बघून मला फार आनंद झाला. विसरलो."

सासूबाईंनी विचारलं, "आनखी काय इचारायचंय?"

"नाही आजी." मालक खाली बसले. "माझा साक्षीदार फितूर झाला."

ज्युरी चपलांच्या रॅकपाशी जाऊन कुजबुजली आणि परत आली. टेम्पोवाला पुढं झाला. "आमचं समद्यांचं एकच म्हननं हाय. काका दोषी हायेत. पन मानूस लय चांगला हाय."

"नऊच्या नऊ?" मालकांनी विचारलं.

"नऊच्या नऊ."

मालक उठले आणि एकेकाला नमस्कार करत सुटले. "याला म्हणतात निकाल! बघा वहिनी, दोषी तेव्हाही होतो, दोषी आताही आहे, पण आता रीतसर!" फौजीणबाईचे त्यांनी दोनदा आभार मानले. मग त्यांची नजर मंगलच्या पर्सकडं गेली आणि तोंड एवढंसं झालं. निकाल रीतसर झाला, म्हणजे शिक्षाही आता रीतसरच लागणार होती.

"शिक्षा मी द्यायची ना?" सासूबाई म्हणाल्या.

"आपणच. तो आपलाच अधिकार."

"मंगल, किल्ली दे त्यांची त्यांना." सासूबाईंनी चिमूटभर तपकीर ओढली. "मोटार ह्यांनीच लावायची. रोज. आन एकदा लावली, की गच्चीवर जाऊन टाकीपाशी बसायचं, भरंस्तवर. पोलीस येऊंद्यात, न्हाय तर पोलिसांचा बाप येऊंद्या, खाली उतरायचं नाय."

"ये सजा है की इनाम?" शमीमभाभी म्हणाल्या.

"तुला गं काय ठावं, त्या टाकीपाशी ऊन किती लागतं," सासूबाई म्हणाल्या.

मालकांनी घसा खाकरला. "मुदत किती, आजी?"

"मी म्हनंस्तवर."

दुसऱ्या दिवसापासून मालक गच्चीवर. मोडकी छत्री बांधलेली खुर्ची. कपडे वाळत घालायला, मिरच्या वाळवायला जी बाई वर जाईल ती टेकायची, "काय मालक, भरली का टाकी?" आणि मग बोलणं सुरू व्हायचं. उलट पेटीपेक्षा गच्चीवर लोक जास्त वेळ थांबायचे, कारण तिथं बस चुकायची घाई नसायची. शमीमभाभी साड्यांचा गठ्ठाच घेऊन वर बसायला लागल्या. एकदा तर पोलिसांची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली. हवालदार ओरडला, "काका, पंचनामा आहे, चला!"

मालक कठड्यापाशी आले. आम्ही सगळ्या त्यांच्यामागं. गाडीकडं त्यांनी फार वेळ बघितलं, शर्टाची कॉलरही सारखी केली. मग वरून ओरडले, "येऊ शकत नाही! मी शिक्षा भोगतोय!"

हवालदार वर बघतच राहिला. मग त्यानं इस्त्रीवाल्याला पंच म्हणून नेलं. संध्याकाळी मालकांनी त्या इस्त्रीवाल्याकडून सगळा पंचनामा दोनदा ऐकला आणि चार चुका काढल्या.

पुढच्या थंडीत सासूबाई गेल्या. झोपेतच. सगळे विधी झाले, पाहुणे गेले, आणि एक दिवस सकाळी मालक आमच्या दारात येऊन उभे राहिले. खालून मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. आजींनी जाण्याआधी माझ्या सुटकेबद्दल काही सांगितलं होतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "पण आता कोण अडवतंय तुम्हाला? सुटलात तुम्ही."

"सहज सांगताय, की शपथेवर?"

मी म्हटलं, "शपथेवर सांगायचं, तर काही म्हणाल्या नाहीत."

"म्हणजे निकाल कायम," मालक म्हणाले. एकदम हलके झाल्यासारखे दिसले. कठड्याला धरून, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी वर चढायला लागले. मधेच थांबले, मागं वळले आणि म्हणाले, "मोकळ्या असाल तर या वर. टाकी भरायला अजून वेळ आहे."